पावसाळी बंदर तेलरंगात: भाव कुठे ठरतो आणि हवेत कसा टिकतो

तेलरंगात काम करणारे बरेच जण भावनेचा विचार सगळ्यात शेवटी करतात. रेखाटन झालं, रंग भरून झाले, होडी होडीसारखी दिसायला लागली, की मग चित्रात 'काहीतरी जाणवायला हवं' म्हणून वरून जाड फटकारे, आकाशात थोडा तांबडा, पाण्यावर चमक. तोवर उशीर झालेला असतो. चित्र वाट पाहणारं होणार की धास्तावलेलं, हे पहिल्या करड्या आराखड्यात ठरून जातं: उजेड कुठे, अंधार कुठे, किती जागा मोकळी सोडली, कुठली कड धारदार ठेवली. आराखडा चुकला असेल तर रंगांनी तो सावरत नाही.

पुढची सगळी कृती एकाच दृश्यावर दिली आहे. जूनच्या सुरुवातीला मासेमारी बंद होते, होड्या वाळूवर वर ओढल्या जातात आणि नारळाच्या झापांनी झाकल्या जातात. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर हे दृश्य सापडतं. तीन होड्या, ओली वाळू, मातकट समुद्र आणि ढग. नवख्याला यात रंगच दिसत नाही. पण भाव रंगवायला शिकायचं तर असं कमी रंगाचं दृश्यच बरं. सूर्यास्त आयता सुंदर असतो, त्यामुळे चित्रकाराला काही ठरवावंच लागत नाही. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, म्हणून संध्याकाळी सगळे पश्चिमेला तोंड करून बसतात. एकदा समुद्राकडे पाठ करून बसा आणि तो उजेड ज्या भिंतीवर, ज्या जाळ्यावर पडतो तिकडे बघा.

आधी एक वाक्य, मग सहा चिठोरे

रंगाची ट्यूब उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. त्यात क्रियापद हवं. 'उदासी' हा शब्द कामाचा नाही, कारण त्यातून ब्रशला काहीच सूचना मिळत नाही. 'घरात पैसा यायचा थांबलाय आणि पाऊस तर आत्ता कुठे सुरू झालाय' हे वाक्य कामाचं आहे. थांबलाय म्हणजे हालचाल नको, आडव्या रेषा हव्यात. आत्ता कुठे सुरू झालाय म्हणजे पुढे मोठी मोकळी जागा हवी. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे रोजनिशीत रेखाटनं आणि विचार असं दोन्ही नियमित टिपत. चित्राआधी शब्दांत विचार करण्याची ही सवय अमूर्ताकडे झुकणाऱ्यालाही उपयोगी पडते आणि वास्तववादी काम करणाऱ्यालाही.

मग जाड कागदाचे सहा तुकडे कापा, साधारण ५ × ७ इंचांचे. कागदाला आधी जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात द्या, नाहीतर तेल कागदात उतरतं. प्रत्येक तुकड्यावर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे मधला टोन (ना उजळ, ना गडद) फासा. जिथे उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढा, जिथे अंधार हवा तिथे तोच रंग दाट लावा. तीनच टोन, एका तुकड्याला १५ मिनिटं. होडीचं वल्हं, दोर, झापांची वीण यांतलं काही काढायचं नाही. सहाही तुकड्यांत दृश्य तेच, पण क्षितिजाची उंची आणि होड्यांची जागा दर वेळी वेगळी.

सहाही तुकडे भिंतीला टेकवून आठ-दहा फुटांवरून, डोळे अर्धवट मिटून बघा. लिहिलेल्या वाक्याच्या जवळ जाणारा एक निवडा. सहांतले पहिले दोन हमखास नेहमीच्या पोस्टकार्डासारखे होतात: क्षितिज मधोमध, होडी मधोमध. ते काढून झाल्याशिवाय पुढचे सुचत नाहीत, म्हणून दोन-तीनवर थांबू नका.

तीच होडी, तीन भाव

टोन मोजायला एक पट्टी बनवून घ्या: १ म्हणजे काळा, १० म्हणजे कोरा पांढरा, मधल्या आठ पायऱ्या काळा-पांढरा मिसळून. ही पट्टी ईझलला बांधून ठेवा. खाली दिलेले आकडे तिच्यावरचे आहेत.

वाट पाहणं रंगवायचं असेल तर होड्या खालच्या एका कोपऱ्यात ढकला आणि जवळजवळ अर्धा कॅनव्हास रिकाम्या वाळूला द्या. सगळे टोन ४ ते ६ यांत दाबून ठेवा. एवढ्या जवळच्या टोनांत नजर अडकत नाही, ती फिरत राहते आणि काही घडत नाही. वाट पाहण्याचा अनुभव नेमका तोच असतो. उजेड-अंधाराचा विरोध फक्त एकाच ठिकाणी ठेवा, समजा होडीच्या पोटाखालची सावली, टोन २. कडा मऊ, एकट्या नांगराच्या दोराची कड धारदार. रंग पातळ, फटकारे आडवे.

धास्ती हवी असेल तर निसर्गच एक युक्ती देतो. एरवी आकाश हा दृश्यातला सगळ्यात उजळ भाग असतो. मोठा ढग चढला की हे उलटतं: ओली वाळू क्षितिजालगतचा उरलेला उजेड परावर्तित करते आणि वरच्या ढगापेक्षा उजळ दिसते. आकाश ३ वर उतरवा, ओली वाळू ७ वर न्या. जमीन उजळ आणि छप्पर काळं हे नेहमीच्या अनुभवाविरुद्ध असतं, त्यामुळे बघणारा कारण न कळताच अस्वस्थ होतो. क्षितिज खाली घ्या, दोन तृतीयांश ढग. होड्या तिरप्या, पुढची टोकं कॅनव्हासच्या कडेकडे. ढगाची खालची कड एका जागी तरी सुरीने कापल्यासारखी ठेवा. सगळा ढग कापसासारखा मऊ झाला की धास्ती गेलीच.

निवांतपणासाठी जवळ या. होडी कॅनव्हासचा निम्मा भाग व्यापू दे, क्षितिज वर किंवा दिसलंच नाही तरी चालेल. टोन ५ ते ८. सावल्या उबदार, म्हणजे बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाकडे झुकलेल्या. झापांवर जाड रंग, पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) वीण जाते त्याच दिशेने.

तिन्हींमध्ये माणूस नाही, हे मुद्दाम. रडका चेहरा किंवा गुडघ्यात डोकं घातलेली आकृती आली की बघणारा लगेच अर्थ लावून मोकळा होतो आणि चित्र बघायचं थांबवतो. माणूस घ्यायचाच असेल तर पाठमोरा आणि लहान घ्या. चेहऱ्याच्या हावभावापेक्षा उजेडाची मांडणी किती बोलते हे बघायचं तर सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघावं. हळदणकर (१८८२–१९६८) जन्माने सावंतवाडीचे. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातलं आहे, पण धडा तेलरंगालाही लागू आहे: दिवा धरलेली स्त्री, दिवा तिच्या हाताआड, बोटांतून झिरपणारा उजेड, चेहरा शांत आणि उरलेलं जवळजवळ सगळं अंधारात.

सहा ट्यूब पुरतात

टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक लेमन यलो. काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जो काळपट रंग होतो, त्यात निळा वाढवला की गार आणि अंबर वाढवला की उबदार काळा मिळतो. भावासाठी हा फरक फार मोलाचा आहे. झिंक व्हाइट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो, पुढे तडकतो, पापुद्रेही सुटतात.

पावसाळी समुद्राला निळा समजण्याची चूक सगळे करतात. खाड्या गाळ आणून ओततात, त्यामुळे पाणी किनाऱ्याजवळ मातकट असतं. दोन भाग पांढरा, एक भाग ऑकर, अर्धा भाग अल्ट्रामरीन, चिमूटभर अंबर, आणि दूर जाताना ऑकर कमी करत जा. फेसही पांढरा नसतो. ढगाखाली तो ७ ते ८ टोनचा करडा असतो. कोरा पांढरा लावला तर तो कॅनव्हासवरून सुटून पुढे आल्यासारखा दिसतो.

हिरवा हे कोकणातलं खरं संकट. भात, माड, आंबा, शेवाळ, सगळे हिरवे आणि सगळे वेगवेगळे. ट्यूबमधला तयार हिरवा लावला की चित्र कॅलेंडरचं होतं. अल्ट्रामरीन आणि ऑकरने माडाचा मळकट हिरवा येतो, अल्ट्रामरीन आणि लेमन यलोने भाताचा. कुठलाही हिरवा जास्त ओरडत असेल तर त्यात बर्न्ट सिएनाचा एक ठिपका. जांभा चिरा ओला झाला की जास्त गडद आणि जास्त लाल दिसतो, सुका असताना फिका नारिंगी. करड्या चित्रात ओल्या चिऱ्याचा एवढासा तुकडा पुरतो. तीन ठिकाणी लावलात तर तो भाव न राहता सजावट होते.

एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त ट्यूब गेल्या की चिखल होतो. पांढरा मोजणीत धरलेला नाही.

थर: पातळ खाली, तेलकट वर

कॅनव्हास १८ × २४ इंच धरू. जेसोचे तीन हात, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासणं. शेवटच्या हातानंतर कोरड्या दिवसांत तीन दिवस थांबा, जुलैत आठवडाभर. जेसो वरून कोरडा लागला तरी आतलं पाणी निघायला दमट हवेत वेळ लागतो.

पहिला थर: बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून सगळीकडे फासा आणि चिंधीने पुसा. वरचे करडे थर जिथे विरळ राहतील तिथून ही ऊब डोकावते, आणि 'वाट पाहणं' या चित्रात तेवढीच ऊब पुरते. त्यावर निवडलेला चिठोरा मोठा करा, फक्त अंबरमध्ये, फक्त टर्पेंटाइन घालून. पुसत जा, वाढवत जा. या टप्प्याला अख्खी सकाळ द्या. इथे चित्राचा भाव दिसत नसेल तर सगळं पुसून नव्याने मांडा. ओला अंबर पुसायला दोन मिनिटं लागतात, पुढे तेच बदलायला आठवडे जातात. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा, छोट्या पडद्यावर मांडणीतली चूक लगेच कळते.

दुसरा थर रंगाचा. माध्यम, म्हणजे रंगात मिसळायचं द्रावण, दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. ६ ते १० नंबरचे हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे ब्रश, मोठे ठोकळे, बारकावे नाहीत. तिसऱ्या थराला माध्यम समसमान. शेवटच्या जाड फटकाऱ्यांना ट्यूबमधला रंग तसाच, हवं तर तेलाचा एखादा थेंब. खालचा थर नेहमी वरच्यापेक्षा कमी तेलाचा हवा. तेलकट थर सावकाश वाळतो आणि बराच काळ हलत राहतो; त्यावर पातळ, पटकन वाळणारा थर आला की तो ताणला जातो आणि तडकतो. उलट टोकाची चूक म्हणजे एकाच थरात तेल ओतणं. वरची साय आधी धरते, आत ओलं राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. त्या नंतर काढता येत नाहीत, खरवडावंच लागतं.

तेलरंग पाणी उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला उजेड, ऊब आणि खेळती हवा लागते, आणि आषाढात बंद खोलीत यांतलं काहीच नसतं. अंबर सगळ्यात आधी वाळतो, कारण त्यातलं मँगनीज वाळण्याला मदत करतं. पांढरा आणि लेमन यलो रेंगाळतात. म्हणून पहिला थर अंबरमध्ये करणं ही नुसती जुनी रीत नाही. कोरड्या हवेत दोन दिवसांत हाताला न लागणारा तोच थर जुलैत आठवडाभरही घेऊ शकतो. पांढऱ्या सुती फडक्याने हळूच दाबून बघा; रंग उमटला नाही तरच पुढे जा.

घाई असेल तर खालच्या थरांत अल्कीड माध्यम (लवकर वाळणारं कृत्रिम राळेचं) वापरता येतं. कोबाल्ट ड्रायर मात्र टाळा, प्रमाण थोडं चुकलं तरी थर ठिसूळ होतो. खाण्याचं जवसाचं तेलही नको. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलं नसल्याने ते कसं आणि कधी वाळेल याचा भरवसा नसतो. आणि घरात सदा हाताशी असणारं खोबरेल तर अजिबात नको. ते कधीच वाळत नाही. ब्रश मऊ राहावा म्हणून खोबरेलात धुतला आणि पुढच्या दिवशी तोच वापरला, तर चित्रात महिनोन्‌महिने चिकट राहणारे डाग पडतात आणि कारण सापडत नाही. ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये, मग कपड्याच्या साबणाच्या वडीवर फिरवून पाण्याने धुवा. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन यासाठी पुरतं. वापरलेलं बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ पुन्हा वापरा. गाळ माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

तेलाच्या चिंध्यांबद्दल मात्र गंभीरपणे: जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. बोळा करून डब्यात टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. सुट्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

रंगवताना बिघडतं ते

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती मऊ करण्याच्या हौसेने. कोरडा ब्रश घेऊन प्रत्येक कड घोळवली की सगळं धुक्यात जातं आणि नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही. दहा कडांपैकी सात मऊ, दोन मध्यम, एक धारदार असं ढोबळ प्रमाण धरा, आणि ती एक धारदार कड वाक्यातल्या मुख्य गोष्टीवरच पडू दे.

दुसरं, भावनेच्या भरात जाड रंग सगळीकडे. जाड रंग उजेड पकडतो, म्हणून तो नजर ओढतो. सावलीत जाड रंग लावला की सावली पुढे येते आणि खोली मरते. सावल्या पातळ, उजेड जाड. हे मोडायचं तर कारण माहीत असावं.

तिसरी गोष्ट काढण्याची. रंग लावण्याइतकाच तो उचलणं हाही व्यक्त होण्याचा मार्ग आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवत आणि उतरवत. त्यांच्या चित्रांतला आतून येणारा उजेड बराचसा या चढउतारातून येतो. आपल्या बंदरावर हे असं करता येईल: आकाशाचा ओला थर वर्तमानपत्राचा कागद दाबून उचला. जास्तीचं तेल आणि रंग निघून जातो, खालचा सिएना ठिपक्याठिपक्यांनी दिसतो आणि ढगाला जी झिरझिरीत ओल येते ती ब्रशने आणता येत नाही. कागद घासायचा नाही, फक्त दाबून सरळ उचलायचा.

काही भाग वाळल्यावर मेल्यासारखे, बिनचमकेचे दिसतात, विशेषतः अंबर. घाबरून तिथे नवा रंग लावू नका. तेल खाली शोषलं गेलेलं असतं. थर पूर्ण वाळलेला असेल तर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन बोटाने पातळ चोळा आणि लगेच पुसून घ्या. खरा टोन परत दिसतो, मग काय बदलायचं ते ठरवा.

पावसात वीज गेली की इमर्जन्सी दिव्याच्या निळसर उजेडात रंग मिसळायला बसू नका, सकाळी सगळं तांबूस निघतं. त्या वेळी वहीत काम करा. दिव्याला येणारे किडे ओल्या रंगात चिकटले तर तिथेच राहू द्या. वाळल्यावर ब्रशच्या टोकाने झटकून निघतात, ओल्यात उचलायला गेलं की फराटा पडतो.

खारी हवा, बुरशी आणि वार्निश

कॅनव्हास चौकटीला ठोकताना स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी खिळे वापरा. साध्या खिळ्यांना समुद्राजवळ लवकर गंज चढतो आणि गंजाचे डाग कापडातून पुढे येतात. दमट हवेत कॅनव्हास सैलावला तर चौकटीच्या मागच्या पाचरी हलकेच ठोका, पण चित्र आधीच कोरडं झालेलं असेल तर फार नाही. प्लायवुडच्या बोर्डावर काम करत असाल तर मागची बाजू आणि चारही कडा जेसोने बंद करा, नाहीतर ओल कडेतून शिरते.

वाळत असलेलं चित्र कपाटात घालू नका. अंधारात तेल पिवळं पडतं आणि दमटपणात मागच्या कापडावर बुरशी धरते. पिवळेपणा बराचसा परत जातो, काही दिवस चित्र खिडकीजवळच्या उजेडात ठेवलं की पुरतं. थेट दुपारच्या उन्हात नको. बुरशी मागच्या बाजूला असेल तर आधी चित्र कोरड्या, हवेशीर जागी आणा, पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झटका. ओल्या फडक्याने पुसली की ती पसरते.

वार्निशची घाई करू नका. पातळ थरांच्या चित्राला सहा महिने, जाड फटकाऱ्यांच्या चित्राला वर्ष. जूनमध्ये सुरू केलेलं चित्र त्यामुळे पहिल्या कोरड्या हंगामात तयार होईलच असं नाही. जाड झापांचं चित्र असेल तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. दमट दिवशी लावलेल्या वार्निशवर पांढुरकी साय येते. लावायच्या सकाळी चित्र आणि वार्निशची बाटली दोन्ही तासभर कोवळ्या उन्हात ठेवा, चित्र आडवं मांडा, दोन इंची मऊ ब्रशने एकाच दिशेने पातळ हात द्या आणि दार-खिडक्या लावून धूळ बसू देऊ नका. करड्या, दबलेल्या टोनांच्या चित्राला मॅट वार्निश घ्या. चकचकीत वार्निशमध्ये खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि ४ ते ६ मधला सगळा खेळ त्याखाली जातो.

टांगताना चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे अर्धा इंच जाडीचे तुकडे चिकटवा, म्हणजे चिऱ्याच्या ओल्या भिंतीशी कापड टेकत नाही आणि मागून हवा खेळते. पश्चिमेकडची, पावसाचा मारा खाणारी भिंत सोडून आतली भिंत निवडा.